कपाळावरची आठी कॅमेऱ्याला काय सांगते?

मस्कतला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेव्हाची गोष्ट. एका ओमानी सहकारिणीने शुक्रवारी मला निझव्याला, तिच्या आईकडे नेलं. बायकांच्या बैठकीत मधोमध खजुराचं ताट. तिची धाकटी बहीण डाव्या हातात दल्ला, म्हणजे कहव्याची चोचवाली किटली, आणि उजव्या हातात बिनकानाचे इवलेसे कप घेऊन फिरत होती. या कपाला फिंजान म्हणतात. तिने ओतलं, मी प्यायले. तिने परत ओतलं, मी परत प्यायले. 'पानात टाकायचं नाही' या शिस्तीत वाढलेली मी कप रिकामा करून अदबीने पुढे धरत होते आणि ती तितक्याच अदबीने तो भरत होती. पाचव्या कपानंतर तिच्या आईने हसत माझं मनगट धरलं आणि कप डावी-उजवीकडे दोनदा हलवला. बहिणीने लगेच तो काढून घेतला, सगळ्याजणी हसल्या. रिकामा फिंजान नुसता पुढे केला तर 'अजून द्या', हलवून दिला तर 'पुरे'.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? एक नियम लक्षात ठेवला की झालं. खरंय. हे काम तर यंत्रालाही जमेल. व्हिडिओत कप शोधा, तो दोन-तीनदा आडवा हलला का बघा, हलला असेल तर 'पुरे'. एखाद्या विद्यार्थ्याला उन्हाळी प्रकल्प म्हणून देता येईल असं आहे.

पण आपल्या पंगतीत या. श्रीखंड वाढणारी काकू समोर आली की आपण ताटावर आडवा हात धरतो. याचा अर्थ काय? हात ताटापासून वीतभर वर असेल, बोटं सैल असतील आणि माणूस हसत वर बघत असेल, तर अर्थ असा की 'आग्रह कर, एक चमचा घेईन'. हात ताटाला टेकलेला असेल, अंग थोडं मागे गेलं असेल आणि नजर ताटातच असेल, तर खरोखर पुरे. नवा जावई असेल तर हिशेब आणखी वेगळा, कारण त्याने पहिल्यांदा नाही म्हणायचंच असतं. मधुमेह झालेले आजोबा असतील तर वाढणारी त्यांच्या हाताकडे बघतच नाही, शेजारी बसलेल्या आजीकडे बघते. ही काकू कुठल्या शाळेत हे शिकली? आणि समजा तिच्या जागी कॅमेरा ठेवला, तर त्याने नेमकं काय शिकायचं?

मी गेली काही वर्षं याच प्रश्नाच्या आसपास काम करते. जर्मनीत पीएचडी केली, आता मस्कतमध्ये पोस्टडॉक आहे. 'भावना ओळखणारं एआय' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मन वाचणारं यंत्र येतं. कोणी घाबरतं, कोणी लगेच विकत घ्यायला निघतं. दोघांनाही मला सांगायचं असतं की थांबा, हे यंत्र दोन वेगवेगळी कामं करतं. त्यातलं एक बऱ्यापैकी जमतं. दुसरं जमल्यासारखं दिसतं.

पहिलं काम मोजण्याचं. चेहऱ्यावर ठरावीक बिंदू शोधायचे: भुवयांची टोकं, पापण्या, नाकपुड्या, ओठांचे कोपरे. हे बिंदू एका चित्रचौकटीतून दुसरीत किती सरकले ते मोजायचं. या हालचालींना नावं देण्याची पद्धत जुनी आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची एक वर्णमालाच प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे. क्रमांक ४ म्हणजे भुवया खाली येऊन एकमेकींकडे ओढल्या जाणं, आपल्या भाषेत आठी. क्रमांक १२ म्हणजे ओठांचे कोपरे वर जाणं. क्रमांक ६ म्हणजे गाल उचलून डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडणं. ही पद्धत शिकलेल्या माणसालाही एक मिनिटाचा व्हिडिओ नीट नोंदवायला तास-तास लागतो. यंत्र ते जवळजवळ चालू व्हिडिओबरोबरच करतं. उजेड बरा असेल आणि चेहरा समोर असेल तर चांगलं करतं. याचं मला मनापासून कौतुक आहे.

या वर्णमालेत एक शहाणपण होतं, तेही सांगते. क्रमांक ४ चा अर्थ त्यात 'राग' असा लिहिलेला नाही. फक्त भुवया कुठे गेल्या एवढंच लिहिलंय. राग ही पुढची पायरी.

दुसरं काम ते. क्रमांक ४ दिसला, आता याला काय म्हणायचं? हे यंत्राला कोणीतरी सांगावं लागतं. हजारो चित्रं दाखवायची, प्रत्येकावर माणसाने चिठ्ठी लावलेली: राग, आनंद, भीती. या चिठ्ठीला आम्ही लेबल म्हणतो. यंत्र चित्र आणि लेबल यांतला संबंध शिकतं. म्हणजे 'हा माणूस रागावला आहे' असं यंत्र म्हणतं, तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं असतं की 'अशा चेहऱ्यांना लेबल लावणाऱ्यांनी बहुतेकदा राग म्हटलं होतं'. माणसाच्या आत काय चाललंय ते त्या चित्रात कधी नव्हतंच.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. एफईआर-२०१३ नावाचा चित्रसंच जगभरच्या विद्यार्थ्यांनी वापरलाय, मीही वापरलाय. त्यात ३५,८८७ छोटी कृष्णधवल चित्रं आहेत. ४८ बाय ४८ ठिपक्यांची, म्हणजे पासपोर्ट फोटोची झेरॉक्स काढून तिची परत झेरॉक्स काढावी तशी. ती गोळा केली भावनांशी संबंधित शब्द गूगलच्या चित्रशोधात टाकून. गूगलवर 'रागीट माणूस' शोधलं की काय येतं? दात-ओठ खाणारे, मूठ उगारणारे, बहुतेक पैसे घेऊन तसा चेहरा करणारे लोक. संचात आनंदाची चित्रं जवळपास नऊ हजार आहेत, किळसेची ५४७. याचा अर्थ माणसाला किळस कमी वाटते असा नाही. हसरे फोटो जास्त काढले जातात, एवढाच. आणि याच चित्रांवर माणसांची परीक्षा घेतली, तर त्यांची उत्तरं ठरलेल्या लेबलांशी ६५ टक्क्यांच्या आसपासच जुळली. माणसांचंच जिथे एकमत नाही, तिथे यंत्र 'अचूक' आहे म्हणजे नक्की कोणाच्या बाजूने अचूक?

हा प्रश्न मला पुस्तकात नाही, लेबल लावण्याच्या खुर्चीत बसून कळला. पीएचडीच्या काळात आम्ही पाच जण मुलाखतींच्या छोट्या तुकड्यांना लेबलं लावत होतो. आवाज बंद, फक्त चित्र. एका तुकड्यात एक भारतीय इंजिनियर होता. त्याला काहीतरी विचारलं जातं आणि तो मान डोलावतो. आपली नेहमीची, डावीकडून उजवीकडे हलकेच झुलणारी मान. तिघांनी लिहिलं 'नकार'. एकाने लिहिलं 'गोंधळ'. मी लिहिलं 'होकार'. नियमाप्रमाणे बहुमत घेतलं, आणि त्या तुकड्याचं लेबल कायमचं 'नकार' झालं. माझं उत्तर 'विसंगत नोंद' म्हणून गळलं. नंतर मी हट्टाने आवाज चालू करून ऐकलं. प्रश्न होता, सोमवारपर्यंत होईल का? आणि तो म्हणत होता, "हां, हो जाएगा." (आता 'हो जाएगा' म्हणजे सोमवारी खरंच होणार का, हा आणखी वेगळा प्रश्न. तो कुठल्याही एआयला विचारू नका.)

गंमत वाटली, पण मग झोप उडाली. कारण त्या संचावर शिकलेलं यंत्र पुढे कुठल्याही भारतीय माणसाचा होकार नकार म्हणून नोंदवणार, आणि आमच्या अहवालात त्याची अचूकता चांगली दिसणार. परीक्षेची उत्तरपत्रिकाही आम्हीच लिहिली होती ना! चूक यंत्राची नव्हतीच. पाचातल्या एकाला दिसलेलं आम्ही मोजणीच्या सोयीसाठी पुसून टाकलं होतं.

अशा खुणा ओमानमध्ये रोज भेटतात. माझी लेबनॉनची एक सहकारी हनुवटी किंचित वर उचलून 'च्च्' करते. आपल्याकडे 'च्च्' म्हणजे हळहळ किंवा वैताग. तिचं ते साधं 'नाही' आहे. पहिले दोन महिने मला वाटायचं हिला माझा फार कंटाळा येतो. पाची बोटांची टोकं जुळवून हात वर-खाली केला की अरबी माणूस म्हणतोय 'जरा थांब'. आपल्या डोळ्यांना ते 'जेवलास का?' वाटतं. शर्कियाच्या वाळूच्या प्रदेशात काही बेदू स्त्रिया कपाळापासून नाकापर्यंत, कधी त्याखालीही येणारा मुखवटा घालतात. त्यांच्या घरातल्या लहान पोरांनाही आजी केव्हा चिडली ते बरोबर कळतं. आमच्या यंत्रांचा अर्धा भरवसा तोंडाच्या कोपऱ्यांवर.

इथे थोडं मागे, चक्क आपल्या नगरला जाऊ. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात तो जिल्हा. १८६७ मध्ये चार्ल्स डार्विनने १६ प्रश्नांची एक छापील यादी जगभर पाठवली: तुमच्या भागातली माणसं आश्चर्य वाटलं की भुवया उंचावतात का, लाजली की लाल होतात का, वगैरे. त्याला ३६ उत्तरं आली, आणि १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवरचं त्याचं पुस्तक आलं. आजच्या भाषेत बोलायचं तर हा लेबलांचा पहिला जागतिक संच. मुंबई इलाख्यातून एर्स्किन नावाच्या अधिकाऱ्याने नगर जिल्ह्यातल्या लोकांचं निरीक्षण केलं. त्याने काय कळवलं, ते डार्विनने प्रामाणिकपणे प्रस्तावनेतच नोंदवलंय: खात्रीने काही सांगणं अवघड आहे, कारण इथले लोक युरोपीय माणसासमोर आपल्या भावना दडवतात, त्यांना तशी सवयच आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले. पाटलाच्या वाड्यासमोर उभा असलेला साहेब, हातात प्रश्नांची यादी, आणि समोर निर्विकार चेहऱ्याचं गाव. त्या चेहऱ्यांना तुम्ही काय लेबल लावाल? एफईआर-२०१३ मध्ये त्यासाठी 'तटस्थ' असा रकाना आहे. पण ती माणसं तटस्थ नव्हती, सावध होती. चेहरा कोणासमोर आहे यावर तो काय करेल हे ठरतं, आणि चित्रात नेमकी तीच व्यक्ती नसते, कारण ती कॅमेऱ्याच्या मागे असते.

दीडशे वर्षांनी हाच मुद्दा आकड्यांत आला. लिसा फेल्डमन बॅरेट आणि वेगवेगळ्या मतांच्या चार शास्त्रज्ञांनी हजाराहून जास्त अभ्यास चाळून २०१९ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे राग आलेला असताना माणसं कपाळाला आठ्या घालतात त्या सरासरी ३० टक्क्यांच्या आसपासच. हा योगायोगापेक्षा जास्त आहे, म्हणजे आठी आणि रागाचा संबंध आहे. पण उरलेल्या वेळी रागावलेला माणूस गप्प होतो, हसतो, रडतो, भांडी आपटतो. आणि उलट बाजूने, आठ्या पडतात त्या विचार करतानाही, पोट दुखताना, बारीक अक्षर वाचताना आणि उन्हाकडे बघताना.

ऊन म्हटलं आणि चाचा आठवले. हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचे, बावीस वर्षं ओमानमध्ये गाडी चालवतायत. एका मराठी कुटुंबाकडे जेवणाला गेले होते, तिथे ओळख झाली. मी काय काम करते ते कळल्यावर ते ताट बाजूला सारून म्हणाले, "मॅडम, मग तुम्ही माझ्या गाडीतल्या त्या डोळ्याला जरा समजवा."

तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या कंत्राटी गाड्यांमध्ये वेग, ब्रेक, सीटबेल्ट नोंदवणारी यंत्रणा बरीच वर्षं आहे, सगळे तिला आयव्हीएमएस म्हणतात. चाचांच्या गाडीत आता चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेराही आहे. डोळे मिटू लागले की तो ओरडतो, आणि ठरावीक वेळा ओरडला की ऑफिसातून फोन येतो. तुम्ही आदमहून हैमामार्गे सलालाकडे गेला असाल तर तो रस्ता आठवा. मस्कत ते सलाला हजार किलोमीटर, त्यातला मोठा भाग सपाट, सरळ, दोन्ही बाजूंना वाळू आणि खडी. झोप येणारच. आणि रस्ता नैऋत्येकडे जातो, त्यामुळे दुपार कलली की सूर्य काचेत समोर येतो. "मी डोळे बारीक करतोय," चाचा म्हणाले, "ही म्हणते झोपलास."

या कॅमेऱ्याचं गणित साधं आहे, आणि त्यात दम आहे. डोळ्याभोवती सहा बिंदू घ्यायचे. पापण्यांमधलं उभं अंतर भागिले डोळ्याची रुंदी. उघड्या डोळ्यासाठी हे गुणोत्तर साधारण ०.३ च्या आसपास, मिटला की शून्याकडे. नुसती उघडझाप सेकंदाच्या छोट्या भागात संपते, म्हणून तिकडे दुर्लक्ष करायचं. डोळा ८० टक्के किंवा जास्त मिटलेला असा एकूण वेळ किती टक्के आहे ते बघायचं. या मापाला पर्क्लोस म्हणतात. १९९० च्या दशकापासून ते तपासलं गेलंय आणि पेंगणाऱ्या माणसाच्या चुकांशी ते चांगलं जुळतं. कारण इथे लेबलाची भानगडच कमी. झोपेत पापणी जड होते ती खेडमध्येही आणि हैमामध्येही, कोणाला दाखवायला नव्हे. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातलं हे सगळ्यात सच्चं काम आहे. त्याने जीव वाचतात आणि ते काढून टाका असं मी म्हणणार नाही.

तरी चाचांचं म्हणणं बरोबर होतं. उन्हात बारीक केलेला डोळा या गणितात उघड्या आणि मिटलेल्याच्या मधे कुठेतरी पडतो. ज्यांचे डोळे मुळातच लहान, किंवा वयाने पापण्या उतरलेल्या, त्यांचं गुणोत्तर आधीच खाली. यावर उपाय आहेत. प्रत्येक चालकाची ताजातवाना असतानाची नोंद घेऊन त्या मानाने फरक मोजायचा. भुवयाही बघायच्या, कारण उन्हात डोळे बारीक होताना आठी पडते, पेंगताना सहसा पडत नाही. म्हणजे बघा, क्रमांक ४ इथे खराखुरा उपयोगी आहे. त्याला राग म्हणण्याची गरजच नाही! पण हे उपाय करायला चालकाचं ऐकावं लागतं, आणि चाचांना आलेल्या फोनवर पलीकडून कोणी 'काय झालं' असं विचारलं नव्हतं. ताकीद मिळाली होती.

कायदा काय म्हणतो? युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणारं एआय वापरायला बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. पण त्या कायद्यात थकवा ही भावना धरलेली नाही, आणि चालकाचा थकवा ओळखणारी यंत्रणा हे तिथे नाव घेऊन दिलेलं उदाहरण आहे. म्हणजे चाचांचा कॅमेरा युरोपातही चालला असता. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्येच चेहऱ्यावरून भावना सांगणारी सेवा बंद करायचं जाहीर केलं. ओमानमध्ये २०२२ चा व्यक्तिगत माहितीचा कायदा आहे, आणि त्यानुसार बायोमेट्रिक माहिती हाताळायला मंत्रालयाचा परवाना लागतो. पण पापणी किती मिटली हे मोजणं म्हणजे ओळख पटवणं नव्हे, असा युक्तिवाद कोणीही सहज करील. माझी खरी काळजी पुढची आहे. तोच कॅमेरा, तेच बिंदू. उद्या एखाद्या विक्रेत्याने त्यात 'चालकाचा मूड' असा एक रकाना वाढवला तर गाडीत नवीन काहीही बसवावं लागणार नाही. मोजण्याच्या कामाने कमावलेला विश्वास अर्थ लावण्याच्या कामाला फुकट मिळेल.

मग शिकवायचंच नाही का यंत्राला? शिकवायचं, पण वेगळ्या रीतीने. आपल्याकडे आयआयटी खरगपूरच्या गटाने भारतीय चेहऱ्यांचा एक संच केला, ५० जणांच्या ४२८ व्हिडिओ-तुकड्यांचा. त्यांनी लोकांना 'रागीट चेहरा करा' असं सांगितलं नाही. व्हिडिओ दाखवले, आपोआप उमटलेले भाव टिपले, आणि तुम्हाला काय वाटलं हे त्या माणसांनाही विचारलं. संच लहान आहे, पण विचारलं हे महत्त्वाचं. मी स्वतः आता बहुमत घेत नाही. पाच जणांची पाच उत्तरं तशीच ठेवते, उत्तर देणारा कुठला आहे हेही लिहून ठेवते, आणि यंत्राला एकच उत्तर शिकवण्याऐवजी मतांची ही वाटणीच शिकवते. मग ते म्हणतं, 'या हालचालीला काही जण होकार म्हणतील, काही नकार'. विकायला हे वाईट आहे. डेमोत असं उत्तर आलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि तो ओळखायला मला एआय लागत नाही.

पंगतीतल्या काकूचं तर अजून काहीच जमलेलं नाही, हे कबूल करते. तिला हात दिसतो, पण मागच्या लग्नात याने किती श्रीखंड खाल्लं तेही तिच्या लक्षात असतं, आणि चुकलं तर ती हसून 'बरं बाबा, राहिलं' म्हणते. चूक झाल्यावर माघार घेणं हा तिच्या वाचनाचा भागच आहे.

चाचांना गेल्या महिन्यात पुन्हा भेटले. ऑफिसला लिहून द्या, मी मुद्दे काढून देते, असं मी म्हटलं होतं. त्यांनी लिहिलं नाही. त्याऐवजी एक युक्ती काढली आहे, आणि फोन यायचे बंद झालेत. ऊन समोर आलं की ते दर थोड्या वेळाने डोळे मुद्दाम मोठे करून कॅमेऱ्याकडे बघतात. मला करून दाखवलं, दोन्ही भुवया कपाळात, डोळे वटारलेले. "सूर्य मावळेपर्यंत असंच," म्हणाले. "डोळ्यांतून पाणी येतं, पण ती गप्प राहते."